ऑइलचं रबर

पिंपरीपासून तळेगावापर्यंत नुसत्या आवाजावरनं गाडीचं दुखनं सांगनारा मिस्त्री एकच व्हता, आन तो मी. माझा डावा कान ल्हानपनापासून बंद हाय, तेवढं मात्र मी गिऱ्हाइकाला सांगत नव्हतो. म्हंजे निम्मं दुखनं ऐकायचो आन निम्मं मनचं घालायचो. चालून जायचं. मुंबई-पुना रस्त्याच्या कडंला चार पत्रे उभे करून शेड टाकली व्हती. येनारं काम काय, तर कंपन्यांचे टेम्पो, जीपा, न्हाईतर लग्नाला पळनाऱ्या जुन्या टॅक्स्या. समद्यांची पोटं आतनं सारखीच. एक उघडली की बाकीच्या उघडल्यासारख्याच.

मग फोरमनसायेबांची गाडी आली.

हे फोरमन मूळचे साताऱ्याकडले. कंपनीत मशीनशॉप बघायचे, ऱ्हायला संत तुकाराम नगरात. त्यांच्या खात्यात पूर्वी एक जर्मन सायेब व्हता. तो मायदेशी जाताना आपली हिरवी गाडी यांच्या गळ्यात बांधून गेला. तवाच ती वापरल्याली व्हती, माझ्या शेडवर यायच्या वक्ताला तर तिचं म्हातारपन आलं व्हतं. फोरमन रविवारी ती धुवायचे, पुसायचे, वहिनीस्नी बसवून देहूपर्यंत जाऊन यायचे. मग वहिनी आजारी पडल्या, आन गाडी दारात उभी ऱ्हायली. पावसाळा तिच्या अंगावरनं गेला.

वहिनींच्या पोटात गाठ निघाली व्हती. कापून झालं, आन पुढं पुन्याच्या मोठ्या दवाखान्यात किरनांचा शेक द्यायचं ठरलं. जवळजवळ रोज जायचं, महिनाभराच्या वर, आन मधी खंड पाडायचा न्हाई असं डाक्टरनं बजावल्यालं. बसमधी त्यांना बसवत नव्हतं. रिक्षात बसवलं तर दापोडी येईस्तोवर पोट धरून मान टाकायच्या. कंपनीतल्या कुनाची गाडी एखाद्या दिवशी मिळायची, पन रोज कोन देनार. फोरमन शेडवर आले आन उभ्याउभ्याच बोलले.

"मिस्त्री, इंजिन चालू होतंय, पण पुढची चाकं धरून बसलीत. पुढच्या आठवड्यात शेक सुरू. मागच्या सीटवर हिला आडवी करून नेता आलं तर ती जाईल. नाहीतर जायची नाही म्हणतीय. तेवढ्यात होईल?"

"सायेब," मी म्हनलो, "असल्या गाड्या मी जेवता जेवता डाव्या हातानं उघडतो."

उघडली आन बघतच ऱ्हायलो. आमच्या गाड्यांना चाकाच्या आत डबा असतो आन डब्यात दोन पट्टे असतात. पायडल दाबलं की पट्टे फाकून डब्याला घासतात, गाडी थांबते. हितं डबाच न्हाई. नुसती लोखंडाची थाळी, आन तिला एका अंगानं भला मोठा चिमटा धरल्याला, तव्यावरची भाकरी धरावी तसा. कॅलिपर हा शब्द मला लई पुढं कळला. तवा मी चिमटाच म्हनायचो, आजबी तोंडात तेच येतं. चिमट्याच्या दोन्ही अंगाला आत एकेक जाडजूड पिस्टन, ते पुढं येऊन थाळी आवळनार. ते पिस्टन गंजून जाग्यावर मुरल्याले.

फोरमन शेजारी उभे, म्हनून "हा काय, चिमटाच तर हाय" असं बोलून गेलो. त्यांनाच पायडलवर बसवलं, दाबत ऱ्हावा म्हनलो, म्हंजे ऑइलच्या दाबानं पिस्टन आपसूक भाईर येईल. आन बघायला म्हनून मी चिमट्यासमोर तोंड धरून बसलो. पिस्टन आला तो थेट दातावर. पुढचा एक दात तवापासून हालायला लागला, तो पुढं भुईमुगाच्या शेंगा खाताना गेला. फोरमन पायडलवरनं इचारत व्हते, आला का, आन मी तोंडात रगात धरून मान हालवत व्हतो.

बाकीचे पिस्टन रॉकेलात भिजवून, ठोकून, इनवन्या करून काढले. समद्यांच्या भवतीनं आत खाचेत एकेक रबराची रिंग व्हती. साधी गोल न्हाई, चौकोनी कडेची. तीच ऑइल अडवते, आन पायडलवरचा पाय उचलला की तीच पिस्टनला जरासं मागं वढते, म्हंजे चाक मोकळं सुटतं. एवढुशी रिंग, पन समदी गाडी तिच्या जिवावर. ती सुकून पापड झाल्याली. स्क्रू-ड्रायव्हर लावला की तुकडे. चार रिंगांतली एकच अर्धीमुर्धी हातात आली. लोखंड मी पालीश कागद मारून चकाचक केलं. अडलं ते रबरावर.

तो अर्धा तुकडा मी तंबाखूच्या रिकाम्या डबीत ठिवला आन निघालो. नाना पेठेत पार्टाच्या दुकानांची रांग हाय, तितं एकेक पायरी चढलो. आपल्या गाड्यांचं ब्रेकचं किट मागा, मिनटात पुडा हातात. ह्या रिंगेला कोन वळखीना. एका शेठनं ती उजेडात धरली आन मला इचारलं, लोनच्याच्या बरनीची का. दुसरा जरा मायाळू व्हता, गप्पा मारता मारता त्यानं माझी डबी उघडली, चिमूट घेतली आन दातात धरली. त्यो तुकडा त्याच्याकडनं परत घेताना त्यानं मला दुकानातनं भाईर घातलं. जुन्या बाजारात फिरलो, जमिनीवर अंथरल्यालं समदं भंगार पालथं घातलं. मग मालाच्या ट्रकवर बसून कुर्ल्याला गेलो, तितं परदेशी गाड्या फोडतात. तसल्याच हिरव्या गाडीचा सांगाडा सापडला बी. मी हरखून चिमटा उघडला, तर आतली रिंग आमच्यापेक्षा जास्ती सुकल्याली. म्हंजे मी मुंबईपर्यंत जाऊन दुसरा पापड बघून आलो.

इकडं शेक सुरू झाला व्हता. दोन दिवस कुनाची तरी गाडी, मग रिक्षा, मग एक दिवस न्हाईच. मी घरी सांगायला गेलो की रबर आज-उद्या मिळतंय. वहिनी खाटंवर बसल्या व्हत्या, मागं उशा लावल्याल्या. हाडांवर नुसतं लुगडं गुंडाळल्यागत. पन जिभेला काय झालं नव्हतं.

"भावजी, डाव्या हातानं उघडली म्हनं गाडी," त्या बोलल्या. "आता उजव्या हातानं मिटवा."

फोरमन हसले न्हाईत. मी हसलो, कारन मला दुसरं काय येत नव्हतं.

फोरमननी कंपनीच्या स्टोअरमधनं गोल रिंगा आनून दिल्या. त्या बसवल्या तर खाच चौकोनी आन रिंग गोल, पायडल मारलं की कडंनं ऑइल ठिबकायचं. मग कुनीतरी सांगितलं, भोसरीला एक चाचा हातपिरेसवर रबराचे नग काढतात, कंपन्यांना ऑइल सील, म्हंजे ऑइल अडवायच्या रिंगा, पुरवतात, त्यांना दाव. मी सायकल मारत गेलो.

चाचा मालेगावकडनं आल्याले. पत्र्याच्या खोलीत भट्टीचा उकाडा, रबराचा वास, आन त्यात ते बनियनवर बसल्याले. तुकडा त्यांनी भिंगाखाली धरला, नखानं कड तपासली. साचा निघंल म्हनाले, शेजारच्या लेथवाल्याकडनं काढून घेऊ. मग त्यांनी एकच गोष्ट इचारली.

"मिस्त्री, ये रहेगा किसमें? पानी, हवा, का ऑइल?"

"ऑइल," मी म्हनलो. "ब्रेक ऑइल."

"मग साधं रबर देऊ नको बाबा. ऑइलमधी साधं रबर फुगून मरतं. तुला खास ऑइलचं रबर देतो. जे सीलला लावतो ते. दहा वरीस बघायचं काम न्हाई."

मी तर म्हनलो, चाचा, भारीतलं भारी घाला, आजारी मानसाचं काम हाय. त्यांनी बी मन लावून केलं. एका नगाला बारीक बुडबुडा दिसला तर तो चुलीत टाकला आन नवा काढला. रिंगा हातात आल्या तवा मला त्या चांदीच्या वाटल्या. काळ्याभोर, मऊ, कडा सुरीवानी. आयुष्यात पैल्यांदा मला कुनीतरी इचारून माल दिला व्हता आन मी बरोबर जवाब दिला व्हता, असं वाटत व्हतं.

बसवल्या. थेंब गळंना. पायडल दगडागत कडक. चाकनपर्यंत रपेट मारली, तितं कांद्याची बैलगाडी अचानक आडवी आली तर गाडी जाग्यावर उभी. बैलानं वळून बघितलं पन न्हाई. येताना मी खिडकीतनं हात काढून, वळखीचा दिसंल त्याला हाक मारत आलो. एक-दोघं वळखीचे नव्हते.

दुसऱ्या दिसापासून वहिनी मागच्या सीटवर गादी टाकून पुन्याला जायला लागल्या. ते आठ-दहा दिवस बरे गेले म्हनायचे. फोरमन सकाळी शेडसमोरनं जाताना हॉर्न मारायचे, मी पाना वर करायचो. मागनं वहिनींचा हात दिसायचा कधी कधी. संध्याकाळी परत हॉर्न. एकदा फोरमन थांबून सांगून गेले, काल ती येताना झोपली होती. कुनाला सांगितलं तर हसंल, पन मी ते बायकोला घरी जाऊन सांगितलं, की आपल्या गाडीत त्यांना झोप लागली.

मग मला वाटलं, आपन बी एक दिवस संगं जावं. काम कसं झालंय ते बघू. खरं तर दवाखान्यात कुनीतरी गाडीबद्दल इचारावं आन फोरमननी माझ्याकडं बोट करावं, ह्यासाठी चाललो व्हतो. धुवट सदरा घालून पुढं बसलो.

कासारवाडी सुटली आन फोरमन म्हनाले, गाडी जड वाटतीय. नवं रबर हाय, बसतंय अजून, मी म्हनलो. जरा पुढं वहिनी बोलल्या, कायतरी जळतंय. कंपन्यांचा धूर हाय वहिनी, वारं इकडचं हाय, मी म्हनलो. आता माझा एक कान बंद, पन नाकाला काय झालं व्हतं. दापोडीच्या पुलाच्या अलीकडं पुढच्या चाकातनं धूर यायला लागला आन गाडी हिसका देऊन उभी ऱ्हायली. पायडलवर कुनाचा पाय नव्हता. चिमट्यानं थाळी आवळली ती सोडीनाच. मी खाली उतरून रबराच्या चपलीनं चाकाला लाथा घातल्या. चप्पल तिथल्या तिथं चिकटली.

ऊन चढलं. मागच्या सीटवर वहिनी डोळे मिटून पडल्या व्हत्या आन फोरमन रुमालानं वारा घालत व्हते. एकबी रिक्षा थांबंना. शेवटी कोथिंबिरीच्या जुड्या भरल्याला टेम्पो थांबला, त्यात पुढं डायवरशेजारी वहिनीस्नी बसवलं, फोरमन मागं जुड्यांवर. पोचले तवा मशीनची येळ दुसऱ्याला गेली व्हती. उद्या या म्हनाले. दुसऱ्या दिवशी त्या रिक्षातनं गेल्या, आन घरी आल्या तवा दोघांनी उचलून आत न्यावं लागलं. त्याच्या पुढच्या दिवशी त्या म्हनाल्या, आता म्या न्हाई जायची. मधी किती दिवस खंड पडला, ते मी मोजलं न्हाई. 

गाडी दोरी लावून शेडवर आनली. चिमटा उघडला. पिस्टन ठोकून भाईर काढला, आन रिंग खाचेतनं उचलली. ती परत खाचेत जाईना. जाडी झाल्याली, पिळपिळीत, भिजवल्याल्या हरभऱ्यागत टम्म, म्हनून पिस्टनला मागं सरकू देत नव्हती. तशीच घिऊन भोसरीला गेलो आन चाचांच्या पुढ्यात टाकली. मी त्यांना वाटंल तसं बोललो. फसवलंत म्हनलो, हलकं रबर घातलंत म्हनलो. ते वयानं मोठे, तरी त्यांनी आवाज चढवला न्हाई. रिंग दाबून बघितली, वास घेतला, आन कपाटातनं दोन काचंचे पेले काढले. एकात साध्या रबराचा तुकडा टाकला, दुसऱ्यात ऑइलच्या रबराचा. मला म्हनाले, ब्रेकचं ऑइल आन, त्यातनंच आन ज्यात हे व्हतं. मी आनल्यावर दोन्ही पेले भरून भट्टीच्या कट्ट्यावर ऊबंला ठिवले आन मला चार दिवसांनी यायला सांगितलं.

गेलो. साधा तुकडा व्हता तसाच. ऑइलचं रबर फुगून पेल्याच्या तळाला बसल्यालं.

चाचांनी पेल्यात बोट बुडवलं, चोळलं, आन उठून माठातलं पानी बोटावर घेतलं. बोट सोच्छ. दुसरं बोट त्यांनी मशीनच्या ऑइलात बुडवलं, त्यावर पानी घातलं, तर पानी थेंब थेंब होऊन घसरून गेलं.

"ये ऑइल हैच नहीं," ते म्हनाले. "ह्याला ऑइल कुनी म्हनलं?"

"समदी दुनिया म्हनती, चाचा."

"दुनियेनं म्हनलं म्हनून मी बी ऑइलचंच दिलं." ते खाली बसले. "बाई कशी हाय?"

मी म्हनलो, बरी न्हाई.

उभ्या जन्मात ब्रेकचं काम झालं की मी हात पान्यानं धुतले, आन इंजिनचं काम झालं की रॉकेलानं. रोज. हातांना समजत व्हतं की ह्या दोन निराळ्या वस्तू हायेत. तेवढं वर डोस्क्यापर्यंत काय गेलं न्हाई. किट तयार मिळायचं, पुडा फोडायचा, बसवायचं, कोन कशाला इचारतंय त्यातलं रबर कसलं. आन जवा इचारलं, तवा मी छाती फुगवून जवाब दिला.

चाचांनी साध्या रबराच्या रिंगा काढल्या. पैल्यांपेक्षा त्या काय दिसायला भारी नव्हत्या. मी समदे पाइप धुतले, जुनं ऑइल — आता त्याला काय म्हनू, तोंडात तेच येतंय — काढून टाकलं, नवं भरलं, चिमटे चढवले. ह्या खेपंला लगेच दिली न्हाई. निघोज्यापर्यंत नेली, आनली, परत नेली, चाकं हातानं चाचपली, रिंग काढून बघितली, परत बसवली. गार. चाक बोटानं फिरायचं. गाडी घेऊन मी संत तुकाराम नगरात गेलो, धुवून, पुसून, मागच्या सीटवरची गादी उन्हात टाकून आनल्याली.

फोरमन फाटकातच भेटले. दाढी वाढल्याली, डोळे आत गेल्याले. मी चावी पुढं केली. त्यांनी ती घेतली, खिशात टाकली, आन बोलले, "दवाखान्यात आता न्यायचं नाही, मिस्त्री. परवा डॉक्टर घरी येऊन गेले. आता घरीच ठेवा म्हणाले."

मी म्हनलो, "बरं." इतके शबुद हायेत मानसाकडं, आन माझ्या तोंडातनं तो निघाला. त्यांना मग मी इचारलं, मधी खंड पडला म्हनून का. ते म्हनाले, नाही हो, ते आधीच पसरलं होतं, डॉक्टर तसंच म्हणाले. डाक्टर खरंच तसं बोलले का फोरमननी माझ्यासाठी लावून दिलं, हे मला आजपर्यंत कळलं न्हाई. परत कवा इचारायचं धाडस बी झालं न्हाई. "आत जाऊन भेटा," ते म्हनाले. "तुमची आठवण काढत होती."

वहिनी खिडकीखालच्या लोखंडी खाटंवर व्हत्या. आता उशा लावून बी बसवत नव्हतं. चादरीखाली मानूस हाय का न्हाई असं वाटावं एवढ्या उरल्या व्हत्या. मी स्टुलावर बसलो. कायतरी हसवनारं बोलावं म्हनून आलो व्हतो, रस्त्यानं दोन-तीन गोष्टी जुळवून बी ठिवल्या व्हत्या. एक आठवंना. हात कुठं ठिवावा ते समजंना. मग तोंड आपलं आपन चालू झालं. सांगितलं की वहिनी, गाडी झाली. चूक रबराची व्हती. म्हंजे रबर चांगलं व्हतं, लई चांगलं व्हतं, पन ते ऑइलचं, आन ब्रेकचं ऑइल हे ऑइलच न्हाई. चाचांनी दोन पेले कसे ठिवले ते सांगितलं. कुठला तुकडा फुगला, कुठला न्हाई फुगला. पान्यानं बोट कसं धुतलं गेलं, ते माझ्याच बोटावर करून दावलं. खाच कशी चौकोनी असती, रिंग पिस्टनला कशी मागं वढती. मधीच त्यांनी डोळे मिटले, तरी मी चालूच. थांबलो तर त्या खोलीत काय उरंल, ह्याची भीती वाटत व्हती. निघोज्याच्या रस्त्यावर चाकं कशी गार ऱ्हायली, इथपर्यंत आलो.

वहिनींनी डोळे उघडले. आवाज बारीक झाला व्हता, म्हनून मी माझा चालता कान पुढं केला.

"भावजी," त्या म्हनाल्या, "रबराचं समदं कळलं. आता माझं इचारा, न्हाईतर गप बसा."